अकरा वर्षांचा भोपळा

स्पर्धेच्या हॉलमध्ये त्याला सगळे भोपळा म्हणत. अंगाने तो काही गोल नव्हता, उलट चांगला काटकुळाच होता. पण अकरा वर्षं ओळीने जो माणूस विभागीय स्पर्धेला येतो आणि एकही सामना न जिंकता घरी जातो, त्याला दुसरं काय म्हणणार? नियम सरळ होता. दोन सामने हरलात की बाहेर. तो दरवर्षी सकाळी एक हरायचा, दुपारी दुसरा हरायचा आणि चारच्या बसने घरी. बावीस सामने, बावीस पराभव. इतका नियमितपणा बसच्या वेळापत्रकातही नव्हता.

खेळ म्हणजे व्हिडिओ गेम. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांना बदडतात. तीन फेऱ्या, ज्याने दोन मारल्या तो जिंकला. खेळणाऱ्याने आधी आपला लढवय्या निवडायचा, आणि इथेच आमच्या माणसाची पहिली खोट होती. तो पहिल्या वर्षापासून वल्हं घेतलेला एक टकल्या नावाडी निवडायचा. नावाडी मारायचा जोरात, पण वल्हं उचलेपर्यंत समोरच्याचे तीन फटके बसून जायचे. सगळ्यांनी सांगून पाहिलं, बाबा रे, दुसरा कुणीतरी घे. पण पालथ्या घड्यावर पाणी. "मी त्याला सोडला तर त्याला घेणार कोण?" असं तो म्हणायचा, आणि हे तो गंमत म्हणून म्हणायचा नाही.

वय त्रेचाळीस. नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखात्यात. तिथे चादरी धुऊन, पिळून, एका तापलेल्या लांबलचक रोलरमधून इस्त्री होऊन बाहेर पडायच्या. त्या जिथे बाहेर पडायच्या तिथे दोन माणसं उभी. चादर आली की चार कोपरे चार हातांनी पकडायचे, ताणायचं, एक घडी, दुसरी घडी, चालत एकमेकांजवळ यायचं, तिसरी घडी, ठेवायची, परत मागे. दिवसाला सहाशे चादरी. चादर एवढी गरम की नवीन माणूस पहिल्या आठवड्यात बोटं तोंडात घालून फिरतो. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ताई.

ताई त्याची कुणी नात्यातली नव्हे. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, नऊ वर्षं त्याच्या समोर उभी राहून घड्या घालणारी, म्हणून ताई. नवरा वारला होता, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. दुपारच्या सुट्टीत तो कपड्यांच्या कोठीत जाऊन खेळायचा. बाह्यरुग्ण विभागाने टाकून दिलेला टीव्हीचा एक पडदा त्याने घोंगड्यांच्या थप्पीवर ठेवला होता. ताई डबा खाता खाता बघायची. एक दिवस म्हणाली, "तू त्याला मारायला जातोस तेव्हाच तो मागे सरतो. थोडं थांबून मार ना." त्याने कंट्रोलर तिच्या हातात दिला. म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस, ये खाली." ती आली. तिने छत्री घेतलेली एक म्हातारी निवडली आणि तीन महिन्यांत गुरूची विद्या गुरूलाच परत केली.

दोन वर्षांनी ती त्याच्याबरोबर स्पर्धेला गेली. त्याने आपलं नेहमीचं उरकलं, ती मात्र गटात तिसरी आली. तिच्या मागे उभा राहून तो ओरडला होता, घसा बसेपर्यंत. त्याला मत्सर वाटला नाही का? वाटला. अगदी बसमध्ये बसेपर्यंत वाटला. पण ताईने खिडकीशी बसून हात पुढे धरले आणि "बघ, अजून थरथरतायत" असं म्हटल्यावर तो हसायला लागला आणि मत्सर गेला.

तर हे बारावं वर्ष. आणि स्पर्धेच्या आधी दोन आठवडे बातमी आली की हे वर्ष शेवटचं. खेळ जुना झाला होता, नवीन मुलांना तो नको होता, पुढच्या वर्षीपासून त्याच्या जागी दुसराच खेळ येणार होता. त्यात नावाडी नव्हता. छत्रीवाली म्हातारीही नव्हती.

तेव्हापासून त्याला झोप लागेना. त्याला चषक नको होता, गटात पहिलं येऊन देशाच्या मोठ्या स्पर्धेला जायचं नव्हतं. त्याला एक सामना हवा होता. फक्त एक. आयुष्यात तो सगळीकडे हजर होता, पण जिंकला कुठेच नव्हता. शाळेत वरच्या वर्गात ढकलला म्हणून गेला, नोकरी दुसऱ्याने नाकारली म्हणून मिळाली, आणि बायको भांडणात म्हणायची की मलाही तू तसाच मिळालास. ती मनाने वाईट नव्हती, फक्त बोलायला फटकळ होती. स्पर्धेच्या सकाळी त्याची पिशवी भरताना ती म्हणाली, "एक तरी जिंकून ये रे. मला मेलीला अकरा वर्षं तीच तीच समजूत काढायचा कंटाळा आलाय."

हॉल म्हणजे एका जुन्या वखारीचं वरच्या मजल्याचं दालन. आठ मशीन, आठ पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मोठा तक्ता. तक्त्यावर चौकटी. इथली एक रीत होती: सामना जिंकला की जिंकणाऱ्याने स्वतः भिंतीपाशी जायचं आणि मार्करने पुढच्या चौकटीत आपल्या हाताने आपलं नाव लिहायचं. पंच लिहायचे नाहीत. बारा वर्षांत आमच्या माणसाने तो मार्कर हातात धरला नव्हता.

दुसरी एक रीत होती, आणि ती त्याला झोपेतही पाठ होती. तिला म्हणायचे दिवा विझवणं. सगळ्यांचे कंट्रोलर बिनतारी. सामना संपवून तुम्ही तो पिशवीत टाकलात तरी त्याचं त्या मशीनशी नातं तुटत नाही. पिशवीत त्याचं बटण चुकून दाबलं गेलं तर मशीनवर दुसऱ्याच कुणाचा चाललेला सामना थांबतो. म्हणून उठण्याआधी मधलं बटण दाबून धरायचं, एक ते दहा मोजायचे, आणि त्यावरचा बारीक निळा दिवा विझला की मगच उठायचं. तो हे कधीच विसरला नव्हता. हरलेल्या माणसाला घाई कसली? तो सावकाश बसून दिवा विझवायचा, वर समोरच्यालाही आठवण करायचा. पंच म्हणायचे, "भोपळ्याकडून शिका जरा."

सकाळचा सामना तो हरला. ते धरूनच चाललं होतं. ताईचा गट सकाळपासून चालू होता आणि ती एकामागून एक उडवत होती. अडीच वाजता त्याला चार नंबरच्या मशीनवर बोलावलं. समोर टायवाला. हा विमा विकायचा, कामावरून थेट टाय लावून यायचा, आणि त्याने आमच्या माणसाला आधी तीनदा हरवलं होतं.

पहिली फेरी टायवाल्याने घेतली. दुसरीत नावाड्याचं वल्हं एकदा नीट बसलं. मग पुन्हा बसलं. फेरी त्याची! त्याला वाटलं पडदा बिघडला. तिसऱ्या फेरीत दोघांचीही ताकद संपत आली. पडद्याच्या वर जी ताकदीची पट्टी असते ती दोघांची नखाएवढी उरली. टायवाला पुढे झेपावला. आणि आमचा माणूस थांबला. थोडं थांबून मार, असं कोठीत कुणीतरी सांगितलं होतं, ते त्याने बारा वर्षांत पहिल्यांदा केलं. टायवाल्याचा फटका हवेत गेला, वल्हं खाली आलं, आणि टायवाला आडवा.

 मग कुणीतरी ओरडलं, "अरे, भोपळा फुटला! भोपळा फुटला!" आणि आठही मशीनवरची माणसं माना वळवून बघायला लागली. टायवाल्याने त्याला मिठी मारली. पंच लांबून टाळ्या वाजवत होते. तो उठला, कंट्रोलर पिशवीत टाकला, पिशवी काखेत मारली आणि भिंतीकडे गेला. गेला कसला, धावलाच. मार्करचं टोपण उघडेना, ते दाताने उघडलं. नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, चौकटीबाहेर गेलं. त्याने मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला.

हरल्यावर काय काय करायचं हे त्याला तोंडपाठ होतं. जिंकल्यावरचं कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात चार नंबरवर ताई बसली. हा तिच्या गटाचा शेवटचा सामना. जो जिंकेल तो मोठ्या स्पर्धेला जाणार, हरेल तो घरी. ताईने आयुष्यात आपलं शहर सोडून एक रात्र बाहेर काढली नव्हती. मोठी स्पर्धा मुलीच्या शहरात होती. मुलीला तिने काही सांगितलं नव्हतं, पण बॅग काढून पुसून ठेवली होती, हे फक्त त्याला माहीत होतं.

तो तिच्या अगदी मागे जाऊन उभा राहिला. समोर एक दाढीवाला होता, गेल्या वर्षीचा विजेता. एक फेरी त्याने घेतली, एक ताईने. तिसरीत ताई अशी खेळली की बघणारे खुर्च्यांवर चढले. छत्री उघडायची, मिटायची, आणि दाढीवाला मागे मागे. त्याची पट्टी संपत आली. आता एक फटका. एकच. आमच्या माणसाने पिशवी छातीशी घट्ट आवळली आणि "मार, ताई!" असं ओरडला.

पडदा थांबला. छत्री हवेत होती ती तशीच राहिली. वर अक्षरं आली: खेळ थांबवला आहे.

आणि त्याच्या छातीशी पिशवी थरथरली. कंट्रोलर जागा झाला की असाच थरथरतो. त्याला कळलं. दुसऱ्या कुणालाही कळायच्या आत त्याला कळलं.

"कुणी थांबवला?" पंच धावत आले. ताईने दोन्ही हात वर केले. दाढीवाल्यानेही केले. नियम भिंतीवर लावलेला होता आणि आमच्या माणसाला तो शब्दन् शब्द माहीत होता. बाहेरच्या कुणाच्या कंट्रोलरमुळे खेळ थांबला आणि तो माणूस सापडला, तर जो पुढे होता त्याला फेरी मिळते, आणि ज्याचा कंट्रोलर, त्याचा आधीचा जिंकलेला सामना रद्द होतो. सापडला नाही, तर फेरी पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे त्याने हात वर करायचा, एवढंच. ताई मोठ्या स्पर्धेला. आणि भिंतीवरचं नाव खोडायचं.

त्याने हात पिशवीत घातला. मधलं बटण सापडलं. ते दाबलं. एक. पंच म्हणाले, "ज्याने दिवा विझवला नसेल त्याने सांगा, राग धरणार नाही." दोन, तीन. लोक आपापल्या पिशव्या उघडायला लागले. चार. बायकोचा उलट निरोप आलेला असणार, खिशात मोबाईल वाजला होता. पाच, सहा. "तू बघ रे तुझी," पंच टायवाल्याला म्हणाले. सात. टायवाल्याचा दिवा विझलेला होता. आठ. ताईने मागे वळून त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. आपलं माणूस जवळ आहे ना, एवढंच ती बघत होती. नऊ. दहा.

"भोपळ्या, तुझा?"

त्याने कंट्रोलर बाहेर काढून दाखवला. दिवा विझलेला होता. "माझा नाही," तो म्हणाला.

"तुझा नसणारच," पंच म्हणाले. "तू कधी विसरत नाहीस." मग ते ताईकडे वळले. "बाई, घाईत तुमचाच अंगठा लागला असेल. होतं असं. फेरी पुन्हा पहिल्यापासून घ्या."

ती फेरी ताई हरली. ज्या हातांनी मघाशी छत्री उघडली-मिटली, ते हात आता प्रत्येक बटणाआधी अडखळत होते. चाळीस सेकंद लागले असतील. दाढीवाल्यालाही त्यात गोडी वाटली नाही. तो भिंतीपाशी गेला, नाव लिहिलं आणि परत येऊन ताईला म्हणाला, "मघाची तुमचीच होती." असल्या बोलण्याचं कुणी काय करावं?

आमचा माणूस पुढचा सामना चार मिनिटांत हरला आणि बाहेर पडला. ते ठीकच झालं. जिंकला असता तर त्याला पुन्हा ते नाव लिहायला जावं लागलं असतं.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली.  मग तिने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "असू दे. आपल्यातल्या एकाचं तरी झालं ना? अरे बारा वर्षं! मी बघितलं, तू थांबलास. शेवटी थांबलास बघ!" आणि ती खरंच हसली. त्याला वाटलं की आता सांगावं. सांगितलं तरी आता सामना काही परत होणार नव्हता, पण निदान तिला कळलं असतं. एका थांब्यावर त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात बस सुरू झाली आणि त्याने ते मिटलं. पुढे आणखी नऊ थांबे होते. नवव्यावर ती उतरली.

घरी बायको दारातच उभी. तिने त्याच्या नावाचा तो वाकडा फोटो आपल्या मोबाईलच्या पडद्यावर लावला होता. "शेजारी दाखवला," ती म्हणाली, "बहिणीला पाठवला." मग बारा वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं, "कसा जिंकलास, सांग ना सगळं." त्याने सांगितलं. वल्हं कसं बसलं, टायवाला कसा झेपावला, तो कसा थांबला. ती मध्ये मध्ये "अगंबाई" म्हणत होती. तिला इतकं खूश त्याने क्वचितच पाहिलं होतं.  पण ज्या गोष्टीसाठी तो बारा वर्षं झुरला ती हातात आली, आणि तिला हात लावायची त्याला किळस वाटत होती.

सोमवारी धुलाईखात्यात सगळ्यांना आधीच कळलेलं. ताईने सांगितलं होतं, दुसरं कोण सांगणार? साहेबांनी रोलर पाच मिनिटं बंद केला. इस्पितळात हे कधी कुणाच्या निवृत्तीलाही झालं नव्हतं. सगळे गोळा झाले आणि "सांग, सांग" म्हणायला लागले. तो हातातल्या चादरीचे कोपरे जुळवत राहिला. म्हणून ताईनेच सांगितलं. उशांच्या ओल्या अभ्र्यांच्या ढिगापुढे उभी राहून तिने टायवाला केला, नावाडी केला, दाताने मार्कर उघडणारा तोही केला. लोक हसून हसून बेजार झाले. स्वतःच्या सामन्याबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही. कुणीतरी विचारलं तेव्हा "हरले" म्हणाली आणि पुढची चादर धरली.

दुपारी कोठीत तो गेला तर पडदा बंदच होता. ताई घोंगड्यांच्या थप्पीला टेकून बसली होती. डबा उघडा होता, पण त्यातलं काही खाल्लेलं नव्हतं. आपल्या उजव्या हाताचा अंगठा ती डाव्या हाताने चोळत होती.

"ये, बस," ती म्हणाली. "तुला एक विचारायचंय. खरं सांगशील?"

तो तिच्यासमोर बसला. बरं झालं, असंच त्याला वाटलं. ती विचारेल, तो सांगेल, संपेल एकदाचं.

"विचार ना, ताई."

"तू माझ्या अगदी मागे होतास. तुला सगळं दिसत असणार." तिने अंगठा त्याच्यापुढे धरला. त्याची कातडी चादरींनी जाड झालेली होती. "दोन दिवस मी हेच आठवतेय. पंच म्हणाले तेव्हा मला राग आला होता. पण आता वाटतं, खरंच लागला असेल. मला नीट आठवतच नाही रे. माझाच लागला का? तू सांगितलंस तर मी सोडून देईन. माझ्या हातून गेलं, असं म्हणेन आणि गप्प बसेन. पण हे असं मध्येच लटकत राहणं मला सोसवत नाही."

बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली. तो तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"हो, ताई," तो म्हणाला. "तुझाच लागला."

"बघ," ती म्हणाली, आणि तिने एक मोठा श्वास सोडला. "मला वाटलंच होतं." मग डब्याला झाकण लावून ती उठली.